पांढरीवरची माणसं

पांढरीवरून मेंढरं उठवा, असा निरोप घेऊन सोसायटीचा शिपाई आला, तेव्हा बायनाबाई एका मरतुकड्या कोकराच्या तोंडात ओंजळीनं पाणी सोडत होती.

“कुणाचा हुकूम हाय?” तिनं मान वर न करता विचारलं.

“चेअरमनचा. टेकाड सपाट करायचंय. माती शेतात जाणार, जागेवर सोसायटीचं गोदाम हुणार.”

“आन् आमी?”

“तुमचं काय? आज हितं, उद्या तिथं.”

शिपाई गेला. बायनाबाईनं कोकराचं तोंड पदरानं पुसलं आणि त्याला खोपीच्या सावलीत नेऊन ठेवलं. उठायचं म्हणजे कुठं जायचं, हे त्या शिपायाला विचारण्यात अर्थ नव्हता. ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्र्याहत्तर साल लागलं होतं. निंबटाकळी गोदावरीपासून फार लांब नाही, आणि तिकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. पण त्या साली गंगेच्या पात्रातही बायका झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. धनगरांची दहाबारा घरं गावाच्या उत्तरेला, पांढरीच्या टेकाडाच्या उतारावर राहायची. दिवाळी झाली की ती मेंढरं घेऊन बालाघाटाच्या डोंगराकडं, तिथून पुढं चारा नेईल तिकडं जायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. यंदा चारा कुठंच नव्हता, म्हणून ती अर्ध्या वाटेतूनच परतली होती. बायनाबाईच्या कळपातली निम्मी मेंढरं वाटेतच मेली होती.

पांढरी म्हणजे कधीकाळच्या वस्तीची राखट, भुसभुशीत माती. ती रानात टाकली की पीक तरारून येतं, हे शेतकऱ्याला माहीत असतं. चेअरमन सुंदररावांनाही माहीत होतं. माणूस कर्तबगार होता. गावात उपसा सिंचनाची सहकारी सोसायटी त्यांनीच काढली, गंगेवर इंजिनं बसवली, जिथं बाजरी येत नव्हती तिथं ऊस उभा केला. दुष्काळ पडल्यावर जनावरांची छावणी त्यांनीच उघडली आणि दुष्काळी काम गावात आणलं, कुणाला गाव सोडायला लागू नये म्हणून. त्याच कामावर पांढरी खणायची, माती सभासदांच्या रानात पसरायची, असा त्यांचा बेत होता. त्यात आपण कुणाचं काही हिसकावतोय, असं त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं.

धनगरांना उठायला सांगितलं होतं, पण कामावर यायला कुणी मनाई केली नव्हती. बायनाबाई आणि तिचा मुलगा म्हाळू दोघंही कामावर गेले. तो टिकाव मारायचा, ती पाट्या उचलायची. दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक पीठ, मिळायची. स्वतःच्याच अंगणाखालची माती उपसायची आणि पोट भरायचं, याचं बायनाबाईला हसू यायचं आणि रागही यायचा.

एका दुपारी म्हाळूचा टिकाव मडक्यावर बसला. लाल मडकं, त्यावर काळ्या रेघा. माती बाजूला केली तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली. वरच्या मडक्याचा टवका उडाला होता. म्हाळूनं वाकून आत पाहिलं आणि तो मागं सरला.

आत लहान मुलाची हाडं होती. बरगड्या बोराटीच्या काटक्यांएवढ्या.

बायका गोळा झाल्या. गावातल्या आश्रुबाची बायको ताराबाई, जिचं तान्हं मागच्याच उन्हाळ्यात गेलं होतं, ती तोंडावर पदर धरून खाली बसली. मुकादम ओरडला, “काय तमाशा लावलाय? टाका तिकडं ओढ्यात. पाट्या उचला.”

“ओढ्यात?” बायनाबाई म्हणाली.

“मंग काय गावभर मिरवायचं? कुण्या जमान्यातलं हाय ते.”

बायनाबाई मडक्यांच्या पुढ्यात मांडी घालून बसली. “आईनं पुरलंय हे. घरात पुरलंय. बघ, खाली चोपून सारवलेली भुई हाय. लेकरू लांब जाऊ ने म्हणून घरात ठेवलं तिनं. टाक बरं ओढ्यात. आधी मला टाक.”

मुकादमानं त्या दिवशीची मजुरी कापायची धमकी दिली. कुणी हललं नाही. पोटात आग पडलेल्या बायकांनी त्या दुपारी सुकडीसाठी रांगसुद्धा लावली नाही.

ही गोष्ट गेवराईला तहसीलदारांच्या कानावर गेली, तिथून वर गेली, आणि पंधरवड्यात पुण्याहून जीप आली. जीपमधून इंदुमती देऊसकर उतरल्या. पस्तिशीच्या, उन्हानं रापलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट. जुन्या वस्त्या खणून त्यांचा अभ्यास करणं हे त्यांचं काम होतं. पाऊस पडेपर्यंत टेकाडाचा उत्तरेकडचा भाग खणायची परवानगी त्यांनी आणली होती. सुंदररावांनी त्यांचं चहापाणी केलं, तंबूला जागा दिली आणि बजावून सांगितलं, “बाई, मिरगाच्या आत उरका. माती पावसाआधी रानात गेली पाहिजे.”

बाईंनी त्याच बायकांना कामाला घेतलं. आता टिकाव नव्हते. खुरप्या, सुऱ्या आणि झाडण्या. एकेक थर उकलत जाऊ लागला. खाली खोलवर मोठी चौकोनी घरं निघाली. चुली, धान्याची कणगी, जळलेले जवाचे दाणे, नळीची तोटी असलेली सुबक भांडी. त्यावरच्या थरात भांडी ओबडधोबड झाली. आणि सगळ्यांत वर चौकोनी घरं संपलीच. तिथं लहान लहान गोल खोपींच्या खुणा होत्या, आणि खोपींच्या भोवती मेंढ्याबकऱ्यांची हाडं.

दिवस कलला की बायका टेकाडाच्या सावलीला बसायच्या. एकदा बायनाबाईनं विचारलं, “बाई, ही माणसं लई जुनी का?”

“तीन हजार वर्षांपूर्वीची. जास्तच, कमी नाही.”

“मंग उठली कावून?”

“पाऊस,” देऊसकरबाई म्हणाल्या. “आधी चांगला पडायचा. पुढं कमी होत गेला. जव पिकेना. मोठी घरं परवडेनात. लोकांनी शेती सोडत सोडत मेंढरं धरली. शेवटी तेही निघून गेले. आणि असं इथंच झालं असं नाही. इराक म्हणून देश आहे, दोन मोठ्या नद्यांचा. जगातली पहिली शहरं तिथं उभी राहिली. त्यांनी पाटानं इतकं पाणी दिलं, इतकं दिलं, की जमिनीवर मीठ फुटलं. गहू येईना म्हणून जव पेरला. पुढं जवही येईना.”

ताराबाईला न्यायला आलेला आश्रुबा मागं उभा राहून ऐकत होता. तो सोसायटीचा ट्रॅक्टर चालवायचा. “आपल्या खालच्या रानात उसाखाली फुटलंय, तसंच का मीठ?” तो म्हणाला.

“तसंच.”

खालच्या रानात त्याचीही दोन एकर जमीन होती, आणि दुष्काळाच्या आधीपासूनच तिथं पांढरे चट्टे पडले होते.

बाई सांगत राहिल्या. सिंधूच्या काठी पक्क्या विटांची शहरं होती, घराघराला मोरी होती, आणि तरी ती ओस पडली. नदीनं पात्र बदललं, पाऊस हटला, दूरदेशीचा व्यापार थांबला. नक्की काय झालं यावर विद्वान अजून भांडतात. समुद्रापलीकडं, अमेरिकेच्या जंगलात माया लोकांची दगडी शहरं होती, डोंगराएवढी देवळं होती. पावसाचं पाणी साठवायला त्यांनी मोठमोठे हौद बांधले होते. दुष्काळामागून दुष्काळ पडले, राजे आपसांत लढले, आणि शहरं जंगलानं खाल्ली.

“आन् माणसं?” बायनाबाई म्हणाली.

“कसली माणसं?”

“तुमी म्हणता गाव गेलं, शहर गेलं, राजा गेला. माणसं कुठं गेली ते न्हाई सांगत तुमी. समदी मेली का?”

“नाही. मायांची भाषा बोलणारी माणसं आजही तिथं आहेत. मका पेरतात.”

“मंग बुडालं काय? दगडं बुडाली.”

बायका हसल्या. बाईही हसल्या, पण त्यांनी ते मनात ठेवलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन बायनाबाईला खड्ड्यात बोलावलं. तिथं मोठ्या माणसाचा सांगाडा निघाला होता. उत्तरेला डोकं करून नीट निजवलेला, आणि घोट्यांखाली पाय नाहीत.

“पाय कुठं हायत?”

“पुरण्याआधीच तोडले. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून तोडत असावेत, असं आम्हाला वाटतं.”

बायनाबाई त्या सांगाड्याशेजारी बसली. “मेलेल्याला ठेवलं धरून,” ती म्हणाली, “आन् जित्त्याला जावं लागलं.” मग तिनं वर, उतारावरच्या स्वतःच्या गोल खोपीकडं बोट केलं. “कुठं गेली ते मला विचारा बाई. ही कुठं गेली न्हाईत. ती आमीच हावोत.”

“तसं म्हणता येत नाही मावशी,” देऊसकरबाई हळूच म्हणाल्या. “मधे तीन हजार वर्षं आहेत. पुरावा नाही.”

“पुरावा तुमी हुडका. मी हितं बसते.”

एप्रिलच्या शेवटी सुंदररावांनी शाळेच्या पटांगणात सभा बोलावली. तहसीलदार आले होते. टेकाडाचं काय करायचं यावर ते वर शिफारस पाठवणार होते. पटांगण भरलं. धनगर कुंपणाच्या कडेला उभे राहिले.

सुंदरराव चांगलं बोलायचे. “साहेब, दोन वर्सं झाली पाऊस न्हाई. तरी ह्या गावातला एक माणूस मी बाहेर जाऊ दिला न्हाई. पांढरीची माती रानात पडली तर येत्या साली दुप्पट पिकंल. मेलेल्यांची राखण करत बसायचं का जित्यांना जगवायचं, एवढाच सवाल हाय. आज हे गाव उठलं ना, तर उद्या ह्याचंबी टेकाड हुईल. मंग पुण्याची माणसं येऊन आपली गाडगी मोजतील.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं तर त्यात खोटं काही नव्हतं.

कडेनं बायनाबाई पुढं आली. “सुंदरराव,” ती म्हणाली.

सभा चपापली. धनगरवाड्यातली बाई त्यांना मालक म्हणायची, फार तर चेअरमनसाहेब. नावानं हाक कुणी मारली नव्हती.

“जित्यांना जगवायचं म्हणता. आमी मेलेलो हावोत का? ह्या टेकाडावर आधी मोठी घरं व्हती. पाऊस हटला, ती उठली. मेंढरंवाली सगळ्यांच्या मागं ऱ्हायली, गोल खोपी घालून, पाला खाऊन ऱ्हायली. बाईंनी समद्या गावापुढं खणून दावलंय. ज्यानं शेवटपातूर ठाव धरला त्यालाच तुमी म्हणता, तू आज हितं उद्या तिथं. सोसायटी गावाची हाय ना? मंग आमाला सभासद करा. आन् मंग ठरवू माती कुणाच्या रानात पडायची ते.”

“सातबारा आण,” सुंदरराव म्हणाले. “जमिनीचा कागद आण आन् सभासद हो. कायदा हाय, माझ्या घरचा न्हाई.”

हशा पिकला.

“जमीन न्हाई त्याला सोसायटी न्हाई?”

“न्हाई.”

“मंग आमी आमची काढू. मेंढरांची.”

आता तर पटांगण लोटपोट झालं. तहसीलदारांनी हात वर करून लोकांना गप्प केलं आणि देऊसकरबाईंकडं वळून विचारलं, “मॅडम, ही म्हणते ते खरं आहे का? हे धनगर त्या जुन्या लोकांचे वंशज आहेत?”

बाई उभ्या राहिल्या. बायनाबाई त्यांच्याकडं टक लावून पाहत होती. एका होकाराचं काम होतं.

“ते मी सांगू शकत नाही,” बाई म्हणाल्या. “कुणीच सांगू शकणार नाही. पण इथं सगळ्यांत शेवटी राहिले ते मेंढपाळ होते, हे मी लिहून देते. शेती करणाऱ्यांना जी जागा धरून ठेवता आली नाही, ती त्यांनी धरली. आणि टेकाड गेलं तर एवढंही कुणाला कळणार नाही.”

बायनाबाईनं मान फिरवली. दोन दिवस ती बाईंशी बोलली नाही.

सभेनंतर म्हाळूनं बोचकं बांधायला घेतलं. “माय, चल आता. साताऱ्याकडं कारखान्याच्या रस्त्याला माणसं घेत्यात. पुढं ऊसतोडीचीबी उचल मिळंल. हितं काय हाय? राख हाय.”

“तू जा.”

“तू एकटी काय करशील?”

“बसंल.”

“मेंढरं मेली समदी तरीबी?”

“तरीबी. समदी गेल्यावर कुणीतरी मागं ऱ्हातंच म्हाळू. ते मी.”

म्हाळू बायकोला घेऊन तलवाड्याच्या रस्त्यानं गेला. बायनाबाई त्याला पोचवायला उतारापर्यंतही गेली नाही. खोपीत शिरली, आणि शेजारणीनं आतून हुंदका ऐकला. थोड्या वेळानं ती बाहेर आली ती हातात झाडणी घेऊन, कामाला.

वरून निकाल यायला वेळ लागत होता आणि सुंदररावांना दम नव्हता. मे महिन्यातल्या एका सकाळी सोसायटीचा ट्रॅक्टर पुढं माती लोटायचा फाळका लावून टेकाडाकडं आला. आश्रुबा चालवत होता. त्याला सांगितलं होतं, उत्तरेकडून सुरू कर, म्हणजे वादच मिटेल.

बायनाबाईनं मेंढरं सोडली आणि ट्रॅक्टरच्या पुढ्यात आणून बसवली. स्वतः मधोमध बसली. धनगरणी आल्या. आश्रुबा हॉर्न वाजवत राहिला. मेंढरांनी नुसत्या माना हलवल्या. उठायची ताकद त्यांच्यातही नव्हती.

तेवढ्यात कामावर निघालेल्या गावातल्या बायका येऊन पोचल्या. ताराबाई सगळ्यांच्या पुढं होती. तिनं पाटी खाली ठेवली आणि बायनाबाईच्या शेजारी बसली. तिच्यामागं छबुबाई, साखराबाई, मराठ्यांच्या, वंजाऱ्यांच्या, सगळ्या. ज्यांनी ते मडक्यातलं लेकरू पाहिलं होतं, त्यातली एकही मागं राहिली नाही.

“तारे, ऊठ,” आश्रुबा वरून ओरडला.

“चालवा की. थांबलात कावून?”

“अगं मालक तिकडून बघायलेत!”

“बघू द्या. आतमंदी आणखी लेकरं हायत. त्यांच्यावरून न्यायचा तर आधी माझ्यावरून न्या.”

आश्रुबानं ट्रॅक्टर बंद केला. चावी काढून खिशात घातली, खाली उतरला आणि बिडी पेटवून बाभळीखाली जाऊन बसला.

सुंदरराव पायी आले. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. त्यांनी आधी शिव्या दिल्या, मग समजावलं, मग नुसते उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे बायनाबाईनं पाहिलं. “मी हे गावासाठी करतोय,” ते म्हणाले. “गाव उठंल तवा मला बोल लावू नका.”

“न्हाई उठत,” बायनाबाई म्हणाली. “उठू तवा तुमाला सांगून उठू.”

मिरगाच्या तोंडावर निकाल आला. उत्तरेकडची अर्धी पांढरी, खोपींसकट, राखून ठेवायची; दक्षिणेकडची अर्धी सोसायटीनं न्यायची. बायनाबाईला तो आवडला नाही. अर्धं टेकाड कापून नेताना ती पाहत बसली आणि प्रत्येक ट्रॉलीला शिव्या घालत राहिली. पण उत्तरेला फाळका लागला नाही.

देऊसकरबाईंचं काम आवरत आलं होतं. पहिल्या मडक्यातलं लेकरू कापसात गुंडाळून पेटीत गेलं होतं. त्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. लेकरू नेऊ नका, असं बायनाबाईचं म्हणणं. अभ्यासाशिवाय ते कुणाचं हे कधीच कळणार नाही, असं बाईंचं. पेटी शेवटी जीपमध्ये चढली. मात्र जायच्या आदल्या दिवशी एका घराच्या भुईखाली तसंच आणखी एक जोडमडकं दिसलं. बाईंनी झाडणीनं वरची माती साफ केली, टवका नाही, चीर नाही. त्या उकिडव्या बसून राहिल्या. मग त्यांनी बायनाबाईला हाक मारली.

“मावशी, हे उघडत नाही. माती टाका.”

दोघींनी मिळून खड्डा बुजवला. वर बायनाबाईनं शेणाचा सडा घातला.

पाऊस त्या वर्षी बरा झाला. सभेत लोक ज्याला हसले होते ते मात्र बायनाबाई विसरली नव्हती. मेंढपाळांच्या सोसायटीसाठी ती आणि ट्रॅक्टरपुढं तिच्याबरोबर बसलेली साखराबाई बीडच्या फेऱ्या मारू लागल्या. निबंधकांच्या कचेरीत आधी कुणी दाद दिली नाही. बायकांना काय कळतं सहकारातलं, असं एक जण म्हणाला. तुमचा कायमचा पत्ता काय, असं दुसऱ्यानं विचारलं. “पांढरी, निंबटाकळी,” बायनाबाईनं सांगितलं. “फिरते लोक तुम्ही, कायमचा पाहिजे,” तो म्हणाला. “तीन हजार वर्सं झाली,” ती म्हणाली, “अजून किती कायमचा पायजे?” तो चक्रावला, पण त्यानं लिहून घेतलं. पुरावा मागायचं त्याला सुचलं नाही.

सोसायटी नोंद व्हायला दोन वर्षं लागली. तोवर म्हाळू परतला होता. हंगामात ऊसतोडीला जायचा, पण पावसाळ्यात पांढरीवरच असायचा. पहिली सभा बाभळीखाली भरली. आश्रुबा ऐकायला आला होता. सुंदररावांनाही निमंत्रण होतं. ते आले नाहीत, पण बसायला सतरंजी पाठवली. बायनाबाईनं ती घडी न मोडता परत पाठवायला सांगितलं. साखराबाई म्हणाली, सतरंजीनं काय घोडं मारलंय, आणि ती पसरून तिच्यावर बसली.

कळपासाठी नवा एडका घ्यायचा होता. म्हाळूचं म्हणणं, मोठ्या अंगाचा, मांसाला चांगला घ्यावा. बायनाबाईचं म्हणणं, काटक घ्यावा, पाल्यावर जगणारा, कारण दुष्काळ पुन्हा येणार. म्हाळू उठून उभा राहिला, ती बसल्या जागेवरून त्याला दटावत राहिली, आणि सगळे एकदम बोलायला लागले. मेंढरं चरून परत आली तरी सभा भांडतच होती.